दोन लांब, एक आखूड

तंबूवालीचं लग्न ठरलं, ही बातमी गल्लीत तिच्याआधी पोचली. पस्तिशी ओलांडलेली बाई, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली, त्यात तोंडाने फटकळ. हिचं कुठून जमणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं एका दिवसात बंद झाली. काहींची नाही झाली, पण ती कशानेच होत नाहीत.

तिचं काम तंबू आणि पाठीवरच्या सॅक शिवायचं. नवं कमी, दुरुस्तीच जास्त. अडकलेली चेन, उसवलेला पट्टा, काट्यात सापडून टरकलेलं कापड. दुकान म्हणजे रस्त्याकडेची लांबट खोली. खिडकीपाशी जाड कापडाचं मशीन, भिंतीला लटकलेली बकलं, आणि जमिनीवर मधोमध कायम कुणाचा तरी तंबू पसरलेला. शिवणीवरून पाणी अडवणारी पट्टी गरम इस्त्रीने चिकटवावी लागे, आणि त्या वेळी कुणी बोललेलं तिला खपत नसे. "पाणी तुमच्या डोक्यावर गळणार आहे, माझ्या नाही. गप्प बसा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक बसायचं गप्प.

टाकीवाला हे तिचं असंच एक गिऱ्हाईक. शहराच्या टोकाला डोंगरावर पाण्याची मोठी टाकी होती, तिची देखभाल त्याच्याकडे. झडपा, नळ, पाण्याची पातळी. उंच माणूस, बोलणं मोजकं. एकदा सॅकचा पट्टा शिवायला आला, आणि मग दर आठवड्याला त्याचं काही ना काही फाटायला लागलं. दुकानात हाताखाली तिची वहिनी असायची. तिने एक दिवस त्याचा उसवलेला खिसा उजेडात धरून नीट पाहिला आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "हे उसवलेलं नाही गं बाई, हे ब्लेडने कापलंय!" टाकीवाला कानापर्यंत लाल झाला. लग्न तिथेच ठरलं म्हणायचं, बाकीचं नुसतं सांगणंसवरणं.

त्याच्याबरोबर आला पसारा. पसारा म्हणजे कुत्रा, आणि नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं होतं. रिळं पळवायचा. इंचपट्टीचं टोक तोंडात धरून गल्लीभर फिरायचा. पसरलेल्या तंबूत शिरायचा आणि बाहेर यायची वाट विसरायचा, मग तंबूच दुकानभर धावत सुटे, मागून ती कात्री उगारून, आणि वहिनी पोट धरून खाली बसलेली. साखरपुड्याची अंगठी मशीनवर अडते म्हणून तिने ती मेणाच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. शिवता शिवता हात आपोआप तिथे जायचा. आयुष्य इतकं मजेचं असतं हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

फक्त एक गोष्ट खटकायची. खेळताना पसारा दोघांशी खेळायचा. एक ती. दुसरं कोण, ते दिसायचं नाही.

तोंडातलं रीळ तो तिच्यापुढे आणून ठेवी, आणि तिने हात पुढे केला की मान वळवून रिकाम्या कोपऱ्याकडे बघे, जणू परवानगी विचारतोय. एका सकाळी टेकडीखालच्या माळावर तिने त्याला चेंडू टाकला. चेंडू उतारावरून गडगडत खालच्या झुडपांमागे गेला. पसारा हललाच नाही. तिच्या पायाशी बसून, शेपूट आपटत, झुडपांकडे बघत राहिला. आणि थोड्या वेळाने चेंडू परत आला. चढावरून, सावकाश, तिच्या बुटाला येऊन टेकला.

"वारा असेल," ती मोठ्याने म्हणाली. एक पानही हलत नव्हतं. टाकीवाला जरा बाजूला बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याचं लग्न आधी एकदा ठरलं होतं. ते त्याने लपवलं नव्हतं. "ठरलं होतं माझं. धुक्यात कड्यावरून गेली. पसारा तिचाच," एवढं एका दमात सांगून तो लगेच गंजलेल्या झडपेविषयी बोलायला लागला होता. तिनेही खोदून विचारलं नाही. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये हे तिला कळत होतं, पण कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. तिचं नाव हिला तोंडावर आणवत नसे. नुसतं 'ती'.

"कुत्रा तिचा, डोंगर तिचा, आठवणी तिच्या. माझं काय? फाटकी सॅक!" ती वहिनीपाशी करवादली.

"नवरा तुझा ना?"

"ठरलेला. तसा तिचाही ठरलेलाच होता."

वहिनीने पुढचं बकल उचललं आणि सॅकला लावायला घेतलं.

दर रविवारी डोंगर चढणारा एक गट होता. टाकीवाला त्यातला जुना, आणि आता तिलाही त्यात घ्यायचं ठरलं होतं. म्होरक्या मास्तर, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. त्या डोंगरावर धुकं कधी उतरेल याचा नेम नसे, म्हणून मास्तरांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, आणि प्रत्येकाची वाजवायची तऱ्हा वेगळी. धुक्यात एकाने आपली वाजवली की बाकीच्यांनी आपापली वाजवून ओ द्यायची. दिसलं नाही तरी कोण कुठे आहे ते कळतं. नव्या माणसाने आपली तऱ्हा आपण निवडायची आणि पहिल्या रविवारी पायथ्याशी सगळ्यांना वाजवून दाखवायची. ती मग जन्मभर त्याची.

आठवडाभर तिने दुकानात शिट्टीने उच्छाद मांडला. दोन आखूड वाजवून पाहिल्या, पसाऱ्याने डोळाही उघडला नाही. एक लांबलचक वाजवली, त्याने कूस बदलली. मग सहज, काहीही मनात नसताना, तिने दोन लांब आणि एक आखूड वाजवली. पसारा झोपेतून ताडकन उठला. अंगाभोवती गरगर फिरला, रडल्यासारखं विव्हळला आणि धावत सुटला. तिच्याकडे नाही. तिला ओलांडून दाराकडे, आणि दारावर पंजे ओरबाडत उभा राहिला.

"अगं, तो तुझ्याकडे आला नाही," वहिनी हळूच म्हणाली.

"उठला ना? धावला ना? झालं तर मग." तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, त्याचा कुत्रा माझ्या शिट्टीला धावला. त्याला सांगायचं नाही, रविवारी एकदम चकित करायचं. मनातल्या मनात ती त्याचं हसू बघतही होती.

रविवारी सकाळ लख्ख होती. पायथ्याशी सगळे जमले, मास्तर म्हणाले, "हं पोरी, वाजव." तिने छाती भरून श्वास घेतला. दोन लांब, एक आखूड.

कुणी टाळी वाजवली नाही. टाकीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. पसारा डोंगराकडे तोंड करून ताठ उभा.

"कुणी सांगितली तुला ही?" मास्तरांचा आवाज चिरका झाला होता.

"कुणी नाही. पसाऱ्याला आवडली म्हणून..."

"गेलेल्या माणसाची शिट्टी आपण कुणाला देत नाही, पोरी. ही तिची होती." त्यांनी हात पुढे केला. "आण ती इकडे. आज तू माझ्याबरोबर चाल. पुढच्या रविवारी दुसरी तऱ्हा घे."

सगळ्यांसमोर मुस्कटात मारल्यासारखं झालं. तिने शिट्टी काढून मास्तरांच्या हातावर ठेवली. टाकीवाल्याकडे पाहिलं, तर तो त्याआधीच "टाकीवर झडप बघून येतो" असं हवेतच बोलून भराभरा वर निघून गेलेला. एक शब्द बोलला असता तर? रागावला असता तरी चाललं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, तिच्या मनात आलं. मास्तर शेवटच्या म्हाताऱ्या मंडळींना सांभाळत मागे राहिले, आणि ती पसाऱ्याला घेऊन त्यांना न विचारताच पुढे सटकली. भांडायचं तर आजच, या विचाराने ती पाय उचलत होती.

वाट दुभंगते तिथे धुकं आलं. एक वाट डावीकडे टाकीला जाते, एक उजवीकडे कड्यावर. आधी पायांखालची वाट गेली, मग पाय गेले. मागे लांबवर मास्तरांची शिट्टी वाजली, तिला एकेकाने ओ दिली. टाकीवाल्याची मात्र आली नाही. तिच्याकडे तर द्यायला शिट्टीच नव्हती.

आणि मग वाजली. दोन लांब, एक आखूड.

पुढून. उजवीकडून, कड्याच्या बाजूने. मधे थांबून पुन्हा. आपण पायथ्याशी वाजवली तशीच, पण जास्त सफाईने, वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या माणसाची.

पसारा एकदाच आनंदाने भुंकला आणि धुक्यात शिरला. आपण बोलावलं तिला, तंबूवालीला कळून चुकलं. आपण पायथ्यावरून हाक मारली आणि ती ओ देतेय. आणि तो आत्ता तिकडेच कुठेतरी आहे. आपल्याला जी ऐकू येते ती त्यालाही येणार. तो जाणार. का नाही जाणार? ती आधीची, मी नंतरची.

"अरे ए!" ती किंचाळली. "तिकडे जाऊ नकोस! ऐकतोयस का? कडा आहे तिकडे!"

धुक्याने आवाज गिळून टाकला. शिट्टी पुन्हा वाजली.

"मी आहे इथे!" आता तिला रडूही आवरत नव्हतं आणि रागही. "खिसे कापून आणत होतास ना माझ्याकडे? मग ये की! मला नाही जमायचं तुझ्याशिवाय, कळतंय का? मेल्या, नाही जमायचं!" असलं काही ती जन्मात कुणाला बोलली नव्हती. घसा फुटेपर्यंत ओरडली, मग आवाजच फुटेना. शेवटी ती वाटेवरच बसली.

शिट्टी जवळ आली. आणखी जवळ. तिने डोळे गच्च मिटले. मग बुटांचा आवाज आला, खडीवर घसरत येणाऱ्या, चांगल्या जड बुटांचा, आणि शिट्टी थांबली.

"बरं झालं तू वाजवत राहिलीस," टाकीवाला म्हणाला. ती उठून त्याला बिलगली, तर त्याचा शर्ट घामाने चिंब. "वाट चुकलो गं, मास्तरांची शिट्टीही ऐकू आली नाही. टाकी समजून कड्याकडे गेलो. पाय उचललेला होता, पुढे जमीनच नव्हती. तेवढ्यात मागून तुझी शिट्टी आली म्हणून वळलो. मग थांबलीसच नाहीस. तिच्या आवाजावर आवाजावर आलो इथपर्यंत. सकाळी मी तसा निघून गेलो, माझं चुकलं. तू खुशाल वाजव ती. मी सांगतो मास्तरांना."

"माझं ओरडणं ऐकलंस?"

"ओरडणं? नाही. नुसती शिट्टी."

तिने त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. तिथे अंगठीचा दोरा होता, दुसरं काही नव्हतं.

"माझी शिट्टी मास्तरांनी काढून घेतलीय," ती म्हणाली. "आणि मला ती पुढून ऐकू येत होती."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याच्या मागून, तिच्या पुढून, म्हणजे दोघांच्या मधून. मग दोघांनीही एकदमच, तो ज्या वाटेने आला होता तिकडे पाहिलं. धुकं जरा विरळ झालं होतं. थोड्या अंतरावर वाटेच्या मधोमध पसारा बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून, मान वर, डोळे मिटलेले. धुक्याने त्याचं सगळं अंग ओलं होऊन केस उभे राहिले होते. डोक्यावर मात्र, तळहाताएवढ्या जागेत, ते चापून बसलेले होते.

टाकीवाला तिकडे पाऊल उचलणार होता. तिने त्याला अडवलं नाही, फक्त त्याचा हात सोडला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'ती' सोडून दुसरं काही म्हणाली.

"ताई," ती म्हणाली. बसलेल्या घशातून जेमतेम फुटला आवाज. "त्याला आणून दिलंत. तुमचे उपकार मी जन्मात विसरायची नाही. मी वाईटसाईट बोलले तुम्हाला, मनात धरू नका." मग कुत्र्याकडे पाहत ती पुढे म्हणाली, "पसाऱ्यालाही द्या आता. मी सांभाळीन. तुम्ही नका राहू इथे थंडीत."

शिट्टी वाजली नाही. पसारा कितीतरी वेळ तसाच बसून होता. मग त्याच्या डोक्यावरचे चापलेले केस एकेक करून वर आले, आणि तो उठून तिच्याकडे आला.