आधी मोहोळ, मग सांगू

दुकानात आले की मामा मानेत रुतलेली मधमाशीची नांगी नखानं खरवडून काढायचे आणि काउंटरच्या काचेवर ठेवायचे. "बगा दादा, आजची पाचवी. आपलं रक्त वळखतंय आता ह्यायला. काय बी होत नाय."

हर्सूलला माझं औषधांचं दुकान. मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, फर्दापूरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शहरात इमारतींवरची आग्या मोहोळं उतरवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दोर, कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर आणि उघडे हात. मी एकदा जाळीची टोपी आणून दिली, तर म्हणाले, "नवरदेव करता व्हय मला?"

मग एका सोमवारी एकच माशी चावली आणि त्यांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. "उष्णता झाली," म्हणाले. मी गोळी दिली, तासाभरात उतरलं. मामा गेल्यावर शेजारच्या डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते गंभीर झाले. "वर्षानुवर्षं विष घेऊन काहींचं शरीर सरावतं, काहींचं उलट पिसाळतं. मग ते विषाला आवरताना माणसालाच मारतं. पुढच्या एका नांगीनं घसा बंद होऊ शकतो. त्यांना मोहोळाला हात लावू देऊ नका."

मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात आमच्या गच्चीखाली मोहोळ बसलं होतं. मी सोसायटीचा सचिव. लोक रोज दार वाजवत होते, आणि मामांनी गुरुवारी यायचं कबूल केलं होतं. सांगितलं असतं तर ते आले नसते. मी ठरवलं, हे एवढं उतरू दे, मग सांगू.

गुरुवारी सकाळी मोहोळ पोत्यात घालून मामा जिन्यातून खाली आले. कानामागं एकच लागली होती. चहाचा कप हातात घेतला आणि खाकरले. "घशात कायतरी अडकल्यावानी होतंय." आवाज घोगरा झाला होता. मी कप काढून घेतला आणि त्यांना गाडीत कोंबलं.

"एका माशीला येवढं काय भेता, दादा?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," माझ्या तोंडून गेलं. "पुढची चावली तर..."

"कदी सांगितलं?"

"सोमवारी."

मामा माझ्याकडं बघत राहिले. बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही. शिट्टीसारखा त्यांचा श्वास ऐकत मी सिग्नल तोडत गेलो. दवाखान्याच्या दारातच नर्सनं त्यांच्या मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शिट्टी थांबली. मला वाटलं, संपलं. पण श्वास मोकळा झाला होता.

दुपारी मामी आल्या आणि माझ्या पायाशी वाकल्या. "तुमी व्हते म्हून वाचले, दादा."

मी मागं सरलो. मामा आमच्याकडंच बघत होते. त्यांनी खरं सांगून टाकावं असं वाटत होतं, आणि सांगू नये असंही.

उशाशी औषधांची चिठ्ठी पडली होती. माझं कामच ते. मी हात पुढं केला. मामांनी चिठ्ठी उचलली आणि मामींकडं दिली.

"खालच्या दुकानातून आन," ते म्हणाले. "जाऊ दे त्यायला घरी."

आणि भिंतीकडं कूस वळवली.