अर्धी पांढरी कबर

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मी पेत्राला फार बोललो. आता त्याचं वाईट वाटतं.

आमची मंडळी लहान, चौदा घरांची. पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत, त्यामुळे बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थनासभा मीच चालवतो. मी शाळामास्तर आहे आणि मंडळीचा पंचही. या दोन्ही गोष्टींनी माणसाला बोलायची सवय लागते. यंदा विषय घेतला होता प्रभूला सोडून पळालेल्या शिष्यांचा. पहिल्या बुधवारी सगळ्यांनाच झोडपलं. दुसऱ्या बुधवारपासून एकट्या पेत्राला धरलं. बागेत प्रभूला पकडायला आले तेव्हा तलवार उपसून एकाचा कान कापायला हा पुढे, आणि अंगणात एका दासीनं ओळखलं तर लगेच "मी त्याला ओळखत नाही", तेही कोंबडा आरवायच्या आत तीनदा! एवढा धिप्पाड कोळी, आणि एका पोरीला घाबरला! हे वाक्य मी चार घरांत म्हटलं. चौथ्या घरी माझी बायको चटईच्या टोकाला बसून स्वतःची नखं पाहत होती. परतताना म्हणाली, "अजी, त्या बिचाऱ्या पेत्राच्या मागं काऊन लागले तुम्ही?"

"शिकवण आहे ती."

"मग थोडी स्वतःले बी शिकवा."

मी त्या दिवसांत चहातली साखर सोडली होती. शाळेतल्या चहात साखर आधीच घातलेली असते, ती मी धरत नव्हतो. हेही आता सांगून टाकतो.

आई मागच्या वर्षी गेली. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात. रविवारी उजाडता उजाडता कबरस्तानात गीतं म्हणतात, "प्रभू उठला आहे" असं एकमेकांना सांगतात आणि मग चर्चमध्ये जातात. वडील गेल्यापासून आईनं एकही ईस्टरची सकाळ चुकवली नाही. मी बहुतेक वर्षी पांघरुणात असायचो आणि थेट आठच्या उपासनेला उगवायचो. शेवटच्या आजारात ती म्हणाली, "बाबू, माह्या कबरीले चुना तूच लावजो. मजूर नको लावू. अन् सकाळी येजो."

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. "आई, सांगितलं ना एकदा!" तिला माझं हो चांगलंच ठाऊक होतं.

तर शनिवारी दुपारी चुन्याची बादली आणि रंगवायची कुंची घेऊन मी कबरस्तानात गेलो. ते गावाबाहेर आहे. मध्ये नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. बाकीची मंडळी आपापल्या कबरी रंगवत होती. मी त्यांना चुना किती पातळ करावा, हात कसा फिरवावा हे सांगत राहिलो. त्यामुळे सगळ्यांचं आटोपलं, ते चहाला घरी गेले, आणि आईची कबर तशीच राहिली. मी एकटा उरलो.

कबरीची डोक्याकडची अर्धी बाजू झाली असेल, तेवढ्यात फॉरेस्टचा गार्ड मोटारसायकलवरून आला. "मास्तर, नाल्याच्या तिकडं सकाळी वाघाचे पंजे दिसले. आता आटपा लवकर. उद्या येजा, मनाई नाई. पण उजाडल्यावर, सगळे मिळून, आवाज करत. सगळ्याइले सांगून द्या."

"सांगतो," मी म्हणालो. तो गेला.

मी कुंची चुन्यात बुडवली आणि मागे सागाच्या वाळलेल्या पानांत खसफस झाली. थांबली. पुन्हा झाली. यावेळी जवळ.

नंतरचं मला सलग आठवत नाही. बादली आडवी झाली. सांडलेल्या चुन्याच्या चिखलात उजव्या पायाची चप्पल रुतली. तिला मी तिथेच सोडलं. धावताना देवाचं नाव घेतलं की नाही हे आठवत नाही, पण गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात आहे हे बरोबर आठवलं. अनवाणी पायानं किक मारून मी घरी पोचलो.

बायको अंगणात होती. "दुसरी चप्पल कुठी?"

"कुत्र्यानं नेली."

"अन् आईची कबर झाली?"

"झाली."

संध्याकाळी सिस्टरबाईंचा फोन आला. सिस्टरबाई म्हणजे मंडळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. अर्ध्या गावाला त्यांनी सुया टोचल्या आहेत, त्यामुळे त्यांना कुणाचीच भीती वाटत नाही. "मास्तर, उद्या किती वाजता निघायचं?"

तिथे जाऊन त्यांनी ती चप्पल पाहिली असती, अर्धी कबर पाहिली असती. मी म्हणालो, "बाई, वाघ आहे. गार्डनं पक्की मनाई केली. कोणीच जायचं नाही. आठला सरळ चर्चमध्ये. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं असं बायबलात पौलानंच लिहून ठेवलं आहे."

"पौल कधी मोहफुलं वेचायले गेला होता का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाकीच्या घरांनाही मी हेच कळवलं.

सकाळी जाग आली तेव्हा बायको घरात नव्हती. स्वयंपाकघरात स्टीलची मोठी थाळी आणि उलथनं जागेवर नव्हतं. मी दाराशी आलो, तर लांबून थाळ्यांचा ठणठणाट आणि बायकांची गीतं ऐकू आली. आमच्या महिला मंडळाच्या सात-आठ जणी परत येत होत्या. सर्वांत पुढे आमची शेजारीण होती, डोक्यावर मोहाची टोपली घेऊन. ती बौद्ध आहे. तिचा ईस्टरशी संबंध नाही, पण मोहाच्या दिवसांत ती रोज सकाळी त्याच बाजूला जाते. नंतर कळलं की बायकोनं तिलाच विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "मोह काय वाघाले विचारून पडते? चला माह्यासंगं. फक्त उजाडू द्या, अन् तोंड बंद नका ठेवू." दुसरी अट आमच्या मंडळाला जड गेली नाही.

बायको माझ्यासमोर उभी राहिली. "प्रभू उठला आहे!"

याला उत्तर द्यावंच लागतं. "खरोखर उठला आहे," मी म्हणालो.

"अन् हे घ्या." तिनं चुन्यानं पांढरी झालेली चप्पल माझ्या पायाशी ठेवली. "कुत्रं कबरस्तानात राह्यते वाटते."

"मास्तर," सिस्टरबाई म्हणाल्या, "बादली आडवी, चप्पल एकच, अन् कबर अर्धी पांढरी, अर्धी काळी. मले वाटलं, नेलं याले वाघानं! तुह्या बायकोले म्हटलं, घाबरू नको. तर हे म्हणते, बाई, घरी घोरत आहेत ते."

"पानांत काहीतरी होतं," मी म्हणालो. "माझ्या अगदी मागे."

शेजारणीनं टोपली खाली ठेवली. "हाव, आहे ना. रानकोंबडा आहे. रोज येते तिथी पानं उकरायले. आज बी होता."

त्या सगळ्या जणींनी उपवासकाळभर दर बुधवारी पेत्राची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकली होती.

"कोंबडा?" सिस्टरबाई म्हणाल्या.

मग जे हसणं सुरू झालं, त्यात दोघीजणी भिंतीला टेकल्या. शेजारणीला कारण माहीत नव्हतं. तिला कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा तीही हसली आणि म्हणाली, "तुमचा तो पेत्र कोंबडा ऐकून रडला तरी. मास्तर तर पळाले!"

पाळकसाहेब दुसऱ्या गावी होते, त्यामुळे आठच्या उपासनेत मला बोलायचं होतं. चार पानं लिहून ठेवली होती, ती मी उघडली नाहीत. गार्डनं मनाई केली नव्हती हे सांगितलं. चपलेचं, कबरीचं, सगळं सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मागून एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे जायचं होतं? अन् मी आज्ञा पाळून झोपलो!"

शुभवर्तमानात आहे की प्रभूच्या रिकाम्या कबरीत बसलेल्या तरुण देवदूतानं तिथे आलेल्या बायकांना सांगितलं, शिष्यांना निरोप द्या, आणि पेत्रालाही द्या. हे मी किती वर्षं वाचत आलो, पण त्या "पेत्रालाही"वर कधी थांबलो नव्हतो. पेत्र शिष्यांत येतोच की. पण त्या दिवसांत तो स्वतःला शिष्यांत धरत नसणार. म्हणून त्याचं नाव वेगळं घ्यावं लागलं असेल. इतकंच बोललो आणि खाली बसलो.

उपासना सुटल्यावर बायकोला हळूच विचारलं, "बादलीत थोडा चुना राहिला असेल ना. तुम्ही उरलेली अर्धी काऊन नाही लावली?"

"लावणार होती मी. कुंची हातात घेतली होती. पण आईनं तुमाले सांगितलं होतं. तुमच्या वाट्याची ठेवली."

ऊन चांगलंच तापलं होतं. आम्ही दोघं गेलो. माझी एक चप्पल निळी, एक पांढरी. बायको कबरीच्या बाजूला थाळी आणि उलथनं घेऊन बसली, आणि मी पायाकडच्या बाजूनं चुना लावायला लागलो. थोड्या वेळानं पानं खसफसली. कुंची हातातून सुटली नाही, माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच.

"कोंबडा आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तरी वळून पाहिलं.

मग आईच्या आवडीचं गीत म्हटलं. बायकोनं उलथन्यानं थाळीवर ठेका धरला. कबर पूर्ण पांढरी व्हायला साडेअकरा वाजले. आई सकाळी ये म्हणाली होती. साडेअकराला सकाळ म्हणतात का, हे मी तिला विचारलं नाही.