दुसऱ्या कटाईचा माल

१६ ऑक्टोबर. सरकीची आवक सुरू व्हायच्या आत मशीनच्या गोल चकत्यांना धार लावून घ्यावी लागते, सकाळपासून तेच चालू आहे. वंदना शेडमध्ये आहे, डोक्याला फडकं बांधून. मी इकडे ऑफिसात बसून हे लिहिते आहे. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं ती एका भिंतीपलीकडे आहे, तिलाही नाही. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमतंय बहुतेक.

धंदा काय ते आधी सांगते. जिनिंगमध्ये कापूस निघाला तरी सरकीवर बारीक लव उरते. ती मशीनवर खरवडायची, दाबून गाठी बांधायच्या आणि विकायच्या. बाजारात तिला लिंटर म्हणतात. पहिल्या कटाईची, म्हणजे मशीनवर पहिल्या फेरीत निघालेली, लव जरा लांब असते. ती गाद्यांत आणि दवाखान्याच्या कापसात जाते. दुसऱ्या कटाईची अगदी आखूड, भुशासारखी. अकोल्याच्या एमआयडीसीत आमची छोटी मिल आहे, वंदनाची आणि माझी. मी विक्री बघते. ती मशीन आणि कामाच्या बाया बघते. मशीनचा आवाज जरासा बदलला की डबा तसाच ठेवून उठते. दसऱ्याला मिल बंद. मी मशीनला हळदकुंकू वाहते, झेंडूचा हार घालते. ती त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर असते. परत आली की हाराकडे बघून दरवर्षी म्हणते, "तुह्या पूजेनं नाही चालत वं मशीन, माह्या ग्रीसनं चालते."

भागीदारी ठरली तेव्हा तिनं अट एकच घातली होती. पाच धंदे तिला वर्ज्य. शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. धम्मात सांगितलंय म्हणाली. "आपला माल यातल्या कशात गेला तं मी नाही राहत, आताच सांगून ठेवतो." मला हसू आलं. म्हटलं, लवेची कोण तलवार करते?

"हास तू. पन शब्द दे."

दिला. हसत हसतच दिला. हसत दिलेला शब्द कमी पक्का असतो का? मी बराच काळ तसं समजून चालले.

रशिया आणि युक्रेनची लढाई सुरू झाली तेव्हा तिचा आमच्याशी संबंध आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. ऑफिसातल्या टीव्हीवर बातम्या लागायच्या, चहा पिताना बघायचो. युरोपवाले युक्रेनला तोफगोळे देतात, देता देता त्यांचेच कमी पडतात, वगैरे. मग मुंबईहून एका दलालाचा फोन आला. त्याला फक्त दुसऱ्या कटाईचा माल हवा होता, होता तेवढा सगळा. नंतर तो स्वतः अकोल्याला आला. वंदना त्या दिवशी चांदूर बाजारला भाचीच्या लग्नात होती. ती नसल्याचं मला बरं वाटलं — हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. काहीही कळायच्या आधीच मला बरं वाटलं होतं.

तो पोहे खात बसला. मी विचारलं, माल कुठे जाणार? त्यानं चिमूटभर लव बशीत घेतली, काडी लावली. भस्सकन जळली. "मॅडम, इथे नुसतं जळतं," तो म्हणाला, "तिकडे तेजाबातून काढलं की उडतं." मग समजावून सांगितलं. तोफगोळा फेकणारी जी बारूद असते, तिच्या मुळाशी हीच लव. युरोपवाले ती इतकी वर्षं चीनकडून घेत आले, आता त्यांना चीनची धास्ती वाटते. म्हणून जगभर लव शोधत फिरतात. तो हसला. मीही हसले. चहा मागवला. सौदा केला.

आता इथे मी तुम्हाला सांगू शकते की तो माल गोदामात पडून होता, गादीवाले फोमकडे वळले होते, लवेला आग लागायची भीती असते ती वेगळीच. सगळं खरं आहे. पण सौदा केला तेव्हा यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात होती वंदना. ती गेली तर बाया तिच्यामागे जातील, मशीन मला कळत नाही. मला गिऱ्हाईकही हवं होतं आणि तीही हवी होती. एवढंच.

ती लग्नाहून आली, गाठींवर नव्या गिऱ्हाईकाची खूण दिसली, तिनं विचारलं, "हा भुसा काहून घेऊन राहिले थे?"

आणि मी जे बोलले ते — थांबा, हे लिहायला जड जातं आहे. खोटं बोलायचंच होतं तर कागदाला जातो म्हटलं असतं, भागलं असतं. मी तसं केलं नाही. तिला काय आवडेल ते शोधलं. मी म्हटलं, औषधाच्या कॅप्सूलचं आवरण असतं ना, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आता परदेशात ते कापसाच्या लवेपासून करायला लागलेत. जनावर मारावं लागत नाही. तशी आवरणं असतात, मी कुठेतरी वाचलं होतं. आमचा माल तिथे जात नव्हता, इतकंच.

तिचा चेहरा उजळला. मी तो बघितला आणि माझं काम झालं असं मला वाटलं.

त्यानंतर ती हे सगळीकडे सांगायला लागली. बायांना सांगितलं. विहारात सांगितलं. जठारपेठेतल्या आमच्या औषधवाल्यालाही सांगून आली, त्यानं तिला शाकाहारी कॅप्सूलची बाटली दाखवली, तर ती बाटली विकत घेऊन मिलमध्ये आली. "पाय वं, हे आपलं हाये." बाटली शेडमधल्या फळीवर ठेवली. मी तिकडे बघायचं टाळायचे. टीव्हीवर लढाईची बातमी लागली की रिमोट शोधायचे. "काहून बदलवतं?" ती विचारायची. मी म्हणायचे, भाव बघायचा आहे. तिचा फोन वाजला की माझे कान तिकडे. कोणी सांगितलं तर? दलालाचा नंबर तिच्या हाती लागला तर? डबा अर्धा तसाच घरी परत न्यायचे. नवऱ्याला वाटलं ॲसिडिटी आहे.

एकदा बातम्यांत ऐकलं की युरोप एका बाजूने रशियाविरुद्ध तोफगोळे धाडतो आणि दुसऱ्या बाजूने अजून रशियाचाच गॅस जाळतो. रशियाचं तेल आपल्याकडे येतं, इथे त्याचं डिझेल होतं, तेही फिरून तिकडे जातं. मला केवढं हलकं वाटलं! एवढे मोठे देश असं करतात, तर मी कोण लागून गेले? दोन दिवस मी नीट जेवले. पण त्या देशांनी वंदनाला शब्द दिलेला नव्हता. तो मी दिला होता.

गेल्या हंगामात अमरावतीच्या एका विहारात बायांचा मेळावा होता. वंदनाला बोलायला बोलावलं होतं. चांगल्या मार्गानं पोट भरणं, असा विषय. मलाही ओढून घेऊन गेली. ती छान बोलली. आमच्या मिलचं सांगितलं, कॅप्सूलचं सांगितलं. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या.

मग मागून एक म्हातारी उठली. तिचा नातू एजंटच्या नादानं रशियाला नोकरीला गेला होता. हमालीचं काम सांगितलं होतं, तिथे त्याला फौजेत घातलं. बरेच महिने फोन नव्हता. ती भांडायला उठली नव्हती. नुसतं विचारत होती. "माय, तुमचा कापूस त्या लढाईत तं नाही ना जात? म्हंजे तिकडं मरनारे लोक गोरेच असतीन, पन माहा पोरगा हाये तिथी."

वंदना म्हणाली, "नाही वं माय. कायले जाईन?" आणि माझ्याकडे वळली. "मंदा, विक्री तू पायते. तूच सांग इले."

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. तिथे मी सांगू शकत होते. निदान 'मला माहीत नाही' म्हणू शकत होते, 'बघून सांगते' म्हणू शकत होते. माझा आवाज अगदी नेहमीचा निघाला — गिऱ्हाईकाशी बोलते तसा. म्हटलं, नाही आजी, आपला सगळा माल औषधाला जातो.

म्हातारीनं हात जोडले. मला.

परतताना बडनेरा मागे पडलं. गाडीत वंदना म्हणाली, "बरं झालं तू होती. माह्या एकटीच्या सांगन्यावर इस्वास बसला नसता तिचा." मूर्तिजापूरपर्यंत मी मनात ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी येणारा ट्रक रिकामाच परत पाठवायचा, दलालाला फोन करायचा आणि हिला सांगायचं. याच क्रमानं. ठरवलं की मी करते, अशी माझी ख्याती आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलवर लवकर पोचले. ट्रक फाटकात उभा होता. ड्रायव्हरनं विचारलं, "भरायचा नं, बाई?" मी हो म्हटलं. दुसऱ्या कटाईच्या गाठी भरून घेतल्या. ताडपत्री ओढत होते तेवढ्यात वंदना आली. मागच्या कोपऱ्यातली माझी दोरी ढिली आहे हे तिला लांबूनच दिसलं. "सोड, तुले नाही जमत," म्हणाली, आणि माझ्या हातातून दोरी घेऊन पाय टेकवून तिनं गाठ मारली. मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.