हळदीकुंकवाची रील

आमच्या घरात सध्या साखर पिशवीत राहते. तूरडाळ, रवा, पोहे, सगळंच पिशव्यांत. कारण डबे नाहीत. याला मी जबाबदार आहे असं हिचं म्हणणं. माझ्या मते अल्गोरिदम जबाबदार आहे. पण अल्गोरिदमला टोमणे मारता येत नाहीत, म्हणून माझ्यावर भागवलं जातं.

झालं ते असं. हिची धाकटी बहीण मंदा. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हापासून आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती यायची, पण स्वयंपाकघरात बसून तिळगूळ वळायची. बाहेर यायची नाही. तिला कुणी ये म्हणायचं नाही आणि आम्हीही (हे लिहिताना लाज वाटते) म्हटलं नव्हतं. या वर्षी हिने जाहीर केलं की मंदा बाहेर बसणार, सगळ्यांबरोबर, आणि तिला पहिलं कुंकू ही स्वतः लावणार.

माझी कमलआत्या सिल्व्हर पार्कात राहते आणि सगळ्यांची मतं तिच्याकडे असतात. ती म्हणाली, "बसव हो. पण मग एक बाई उंबरा चढणार नाही, सांगून ठेवते."

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, कोण येत नाही ते बघतोच!

आता माझी छत्तीस वर्षं ऑफिसच्या जावक विभागात गेली. पत्र कुठे पाठवायचं ते मला शिकवू नये. मी सरळ रील काढली. देवघरासमोर उभं राहून विधवांच्या मानाबद्दल चार मिनिटं बोललो. आवाज चढवून, बोट नाचवून. दोन दिवसांत ती अकरा वेळा बघितली गेली, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मीच बघितली होती.

"बाबा, तुमचं भाषण कोण ऐकणार?" आमची ऋचा म्हणाली. ती कॉलेजात आहे, तिला यातलं सगळं कळतं. तिने सांगितलं की अल्गोरिदमला पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी चकाकणारं लागतं आणि नेमके हॅशटॅग लागतात. मग तो ठरवतो कुणाला दाखवायचं ते.

तो ठरवतो! माझ्या मेव्हणीने कुठे बसावं ते आत्या ठरवणार, आणि माझी रील कुणी बघावी ते हा! मी म्हटलं, थांब बेट्या, तुला फसवतोच. वाणाचे चाळीस स्टीलचे डबे आणले होते, ते गॅलरीत उन्हात ओळीने मांडले आणि त्यांचीच रील काढली. मागे ढोल लावला. वर लिहिलं: "रविवारी सायंकाळी हळदीकुंकू. सर्व महिलांनी अगत्य यावे. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे." खाली पत्ता, विंगसकट.

मग हॅशटॅग. मला वाटलं, हॅशटॅग म्हणजे पाकिटावरचा पत्ता, जितका पूर्ण तितकं चांगलं. म्हणून आमचं #मीरारोड आणि आजूबाजूच्या वस्त्याही: #सिल्व्हरपार्क, #हाटकेश, #वरसावे. आणि त्या आठवड्यात जे जोरात चालले होते तेही चार लावले: #फ्री, #गिफ्ट, #गिव्हअवे, #लेडीजस्पेशल. (ऋचाला विचारलं नाही. छत्तीस वर्षं जावक!)

प्रतिक्रिया यायला लागल्या. "लोकेशन?" "फ्री है क्या?" "सिर्फ मराठी लोगों के लिए?" आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे हा माझा नोकरीतला नियम. मी एकूणएक बाईला लिहिलं, "अगत्य यावे." ऋचाने नंतर सांगितलं की जितकी उत्तरं, तितकी ती रील गरम, आणि तितकी ती आणखी लोकांना दाखवतात. हे नंतर सांगून काय उपयोग?

रविवारी पाच वाजले. सोसायटीतली एकही बाई आली नाही. आत्या खुर्चीत टेकून समाधानाने घड्याळ बघत होती. मंदा हातात पर्स घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. "ताई, मी निघते गं. माझ्यामुळे तुझं हळदीकुंकू नको बिघडायला." हिचे डोळे भरून आले. तीन वर्षांनी ती बाहेर आली होती, आणि आम्ही तिला रिकाम्या खुर्च्या दाखवत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. हाटकेशच्या चौघीजणी, हातात मोबाइल. "दादा, ते रीलवालं घर हेच ना?"

मी छाती फुगवून हो म्हटलं. त्यांच्यामागे सहा होत्या. त्यांच्यामागे जिना होता, आणि जिन्यात दिसेल तिथपर्यंत बायकाच होत्या! गुजराती, मारवाडी, उत्तरेकडच्या, मराठवाड्यातल्या, बुरख्यातल्या दोघी. वरसाव्याच्या कोळणी तर टेम्पो करून आल्या होत्या. रांग चार मजले उतरून गेटाबाहेर वळली होती.

सेक्रेटरी मेहताभाई बायकांमधून वाट काढत घामाघूम होऊन वर आले. "अरे काका, ये सब आपके घर आये हैं? परमिशन लिया?"

"हाँ, मेरे घर आये हैं," मी म्हटलं. "नोटीस भेजो. और भाभी को भी भेजो, वो अभी तक नहीं आयी." माझं हिंदी रागात बरं चालतं.

चाळीस डबे वीस मिनिटांत संपले. मी हळूच हिला म्हटलं, दार लावून घेऊया का? हिने माझ्याकडे असं बघितलं की मीच दाराबाहेर जायचं बाकी होतं. "हळदीकुंकवाला आलेली बाई रिकाम्या हाताने जाणार नाही. निमंत्रण तुम्ही दिलंय. काढा घरातले डबे." मी रव्याचा डबा रिकामा केला. मग डाळींचे, मग मसाल्याचे. मग वाट्या, पेले. शेवटी माझा दाढीचा मगसुद्धा धुऊन दिला.

इकडे हिचा हात दुखायला लागला. तिने करंडा मंदाच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "धर गं, लाव."

मंदा थिजली. समोर वरसाव्याची एक उंचपुरी कोळीण, कपाळ पुढे करून उभी. मंदाचं बोट काही उचलेना. आत्या खुर्चीतून म्हणाली, "अहो बाई, तिच्या हातून नको. तिचा नवरा नाही."

कोळणीने मान वळवून आत्याकडे बघितलं. "माजा बी न्हाय. खाडीत गेला. तो गेला, माजा कपाल घेऊन न्हाय गेला." आणि मंदाला म्हणाली, "लाव गो बाय, पाय दुकतान."

मंदाने लावलं. कोळणीने त्याच करंड्यात बोट बुडवलं आणि कुणाला न विचारता मंदाच्या कपाळावर टेकवलं. हिच्याआधी! ही रडायला लागली. मी पेले पुसत होतो म्हणून माझं कुणाला दिसलं नाही.

आत्या रागारागाने निघाली, पण जिना इतका भरला होता की तिला दुसऱ्या मजल्यावरून परत यावं लागलं. तासभर उभं राहून ती कंटाळली आणि मंदाच्या शेजारी बसून मुकाट हळद लावायला लागली. मंदा मात्र शेवटची बाई जाईपर्यंत जागची हलली नाही. आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी समाजसुधारकाच्या थाटात आणखी एक भाषण टाकलं. ते नऊ जणांनी बघितलं. पण रांगेतल्या कुणीतरी मंदाची आणि त्या कोळणीची रील काढली होती, ती मात्र सगळ्या मीरा-भाईंदरभर फिरली. मीही तिच्यात आहे, मागे, गळ्यात नॅपकिन, हातात पेल्यांचा ट्रे. खाली एका बाईने विचारलंय, "ते मागचे काका कोण?" त्यावर उत्तर आलंय, "केटरिंगवाले असतील." त्या उत्तराला भरपूर लाइक आहेत. पहिला आमच्या हिचा, दुसरा मंदाचा.