बदकाला लाव्ह्याची चोच

'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्या कुणी काढली, तो भेटला असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. दर मे महिन्यात ही म्हण माझ्या माहेरी, कडेगावला, राहायला येते. म्हणजे माझी धाकटी बहीण येते, बेंगळुरूहून, आणि माझी एकुलती एक मुलगी तिच्या मागेमागे फिरायला लागते.

आम्ही दोघींनी प्राणिशास्त्रच घेतलं. आधी मी घेतलं, मग माझं बघून तिने. मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. ती मोठ्या प्रयोगशाळेत अंड्यांतले गर्भ बघते आणि त्यावर बोलायला तिला परदेशात बोलावतात. मला साताऱ्याबाहेर कुणी बोलावलंच, तर पेपर तपासायला. जळते का मी तिच्यावर? जळते. आडपडदा कशाला ठेवू?

बरं, ती जे बोलते त्यातली करंजी माझी आहे. ती कॉलेजात असताना गर्भाचा धडा तिच्या डोक्यात शिरत नव्हता, तेव्हा मी तिला दिवाळीच्या करंज्या करता करता समजावलं होतं. गर्भाच्या पाठीवर आधी एक सपाट पट्टी असते. ती करंजीसारखी मिटते आणि तिची नळी होते, त्या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. पण मुरड घालतो त्या कडेवरच्या काही पेशी तिथे थांबतच नाहीत. त्या सुटतात आणि अंगभर प्रवासाला निघतात. त्यांतून जबडा होतो, चोच होते, चेहऱ्याची हाडं होतात, कातडीचा रंग होतो. किती पेशी निघाल्या, कधी निघाल्या, कुठे जाऊन थांबल्या, यात जरा इकडचं तिकडं झालं की तोंडवळा बदलतो. माशाचा जबडा, पोपटाची चोच, आमच्या गावच्या मेंढ्याची शिंगं, सगळ्यांत त्याच पेशींचा हात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढी तऱ्हेतऱ्हेची तोंडं झाली, ती बरीचशी या भटक्या पेशींमुळे. हे सगळं तिला माझ्या पोळपाटावर कळलं. आता ती तिकडे पडद्यावर करंजीचा फोटो दाखवते आणि लोक टाळ्या वाजवतात.

यंदा मुलीची दहावी झाली आणि बहिणीने फोनवर सांगितलं, "अकरावी-बारावीला तिला माझ्याकडे पाठव." मला सांगण्याआधी तिने ते मुलीला सांगितलं होतं. मुलीने आजीला विचारलं, वडिलांना विचारलं, मैत्रिणींना विचारलं. माझ्याखेरीज सगळ्यांचं विचारून झालं होतं. पोर जाणार, हे गृहीतच धरलेलं.

मग मीही ठरवलं. बहीण यायच्या आधीच कडेगावला जायचं आणि पोरीला अंड्यातला जिवंत गर्भ आपण दाखवायचा. मावशीला येतं ते आईलाही येतं, हे तिला एकदा कळू दे. आईची एक कोंबडी अंडी उबवायला खुडूक होऊन बसलीच होती. मी आईच्या टोपलीतली अंडी घेतली, कोळशाने खुणा केल्या आणि तिच्याखाली सरकवली. तीन-चार दिवसांत कवचाला खिडकी पाडली की आत एवढंसं काळीज धडधडताना दिसतं. मी पोरीला तसं सांगून ठेवलं. पोर म्हणाली, "मावशी आली की बघू."

मावशी आली. बॅग ठेवायच्या आधी पोरीने तिला खुराड्याकडे नेलं. अंधारात अंड्याखाली मोबाइलचा दिवा धरला की आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं. बहिणीने एक अंडं धरलं, दुसरं धरलं, सगळी धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ही कोरीच हायत गं. कोंबडा कुठाय?"

खरंच, कोंबडा कुठे होता? चार दिवस मी तिथे झोपत होते आणि एकदाही बांग ऐकली नव्हती.

आई म्हणाली, "ही संक्रांतीला आलती, तवा कापला न्हाई का! मला वाटलं तू अंडी भाईरनं आनलीस."

म्हणजे माझा कोंबडासुद्धा तिच्याच रश्शात गेला होता. पोर पोट धरधरून हसली. एम.एस्सी. बाईने कोंबड्याशिवाय पिल्लं काढायला घेतली! मीही हसले, पण माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

बहिणीने शेजारच्या चाचींच्या खुराड्यातून रवणातली, म्हणजे कोंबडीखाली उबत असलेली, दोन अंडी मागून आणली आणि बारीक कात्रीने अलगद खिडकी पाडली. आत लाल टिंब उडत होतं. पोरीने श्वास रोखून धरला. मग बहिणीने करंजी सांगितली. पोर म्हणाली, "कसलं भारी समजावतेस गं तू!" गेल्या वर्षी मी हीच करंजी सांगत होते तेव्हा ती जांभया देत होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी थापायला बसले. दार उघडंच होतं.

बहीण सांगत होती, "लाव्हा असतो ना, तित्तरासारखा छोटा पक्षी, त्याच्या गर्भातल्या त्या पेशी काढून बदकाच्या गर्भात बसवल्या, तर त्या बदकाला लाव्ह्यासारखी आखूड चोच येते. अंग बदकाचं, पण चोच लाव्ह्याची."

मी पीठ थापत बाहेर पाहिलं. पोर मावशीसारखीच मान तिरकी करून ऐकत होती. 'म्हणजे काय', 'एक मिनिट' हे तर ती वर्षभरापासून मावशीच्याच सुरात म्हणते.

पोरीने विचारलं, "मग त्या पिल्लाच्या आईला, बदकिणीला, वाईट वाटत असेल का गं?"

बहीण हसली. "तिला काय कळतंय?"

"वाटतं," मी म्हणाले.

दोघींनी वळून बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, मी ती उलटली नाही. आई चुलीपुढून मला म्हणाली, "आगं, पोरीनं तुला इचारलंय का न्हाई, बेंगळुरूला जायचं?"

पोर उठून दारात आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या अगदी समोर उभी राहिली. "आई, मी जाऊ?"

नको म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. ती तशीच उभी राहावी, अजून थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहावी, असं वाटत होतं.

"जा," मी म्हणाले.

आणि ती धावत जाऊन मावशीच्या गळ्यात पडली.