चिंचेनं घासलेली कळशी

नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांना कधीच घाई नसे. प्रयोगशाळेची खिडकी काळ्या कापडाने झाकून ते म्हणत, "थांबा. डोळे अंधाराला सरावू द्या." मला मात्र आमच्या वस्तीच्या पाण्याबद्दल पत्रक छापायची घाई असे.

केसाहून बारीक प्लास्टिकच्या धाग्यांची, पापुद्र्यासारखी फिल्म ते स्वतः बनवत. धाग्यांत युरोपियम नावाचं, उजेड देणारं मूलद्रव्य मिसळलेलं असे. अतिनील दिव्याखाली ती लाल उजळे आणि पाण्यात तांबं असलं की विझे.

सुप्याजवळच्या आमच्या वस्तीच्या विहिरीत तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी झिरपतं, असा मला संशय होता. शेजारच्या मावशी विहिरीचं पाणी घेऊन माझ्याबरोबर कॉलेजात आल्या. फिल्म विझली.

"झालं, उद्याच छापतो," मी म्हणालो.

सरांनी चष्मा पुसला. "मावशी, पाणी कशातून आणलंत?"

"तांब्याच्या कळशीतून. तुमच्यासाठी चिंचेनं घासली, लखलखीत हाय."

"म्हणून तर कळशीचंच तांबं पाण्यात उतरलं," ते थकून म्हणाले आणि त्यांनी पाणी ओतून दिलं.

मी चिडलो. "सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

रविवारी ते एसटीने स्वतः वस्तीवर आले आणि त्यांनी काचेच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून घेतलं. मावशी म्हणाल्या, "वाईट निघालं तर आमी प्यायचं काय? दुसरी इहीर गावात हाय. तितं आमाला कोन भरू देतंय?"

सोमवारी खिडकी झाकली. त्या पाण्यात बुडवलेली फिल्म उजळली नाही.

"थांबा," सर म्हणाले, "डोळे अंधाराला सरावू द्या."

आमचे डोळे केव्हाच सरावले होते. तरी मीही थांबलो.