खोडलेलं वाक्य

येर्मोलाय साव्विचनं सात नाटकं लिहिली आणि त्यातलं एकच रंगमंचावर आलं, तेही एकाच दुपारी. रशियातल्या रिबिन्स्क गावच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या अर्जांच्या नकला करायच्या आणि उरलेल्या वेळात नाटकं खरडायची, यातच त्याची चाळिशी उलटली.

त्या नाटकातली मुलगी परस्पर लग्न ठरवणाऱ्या बापाला म्हणते, "बाबा, मला विचारलंत का?" हे वाक्य मुळात त्याच्या बहिणीचं, ग्लाफिराचं. सतराव्या वर्षी वडिलांनी तिला एका म्हाताऱ्या धान्यव्यापाऱ्याच्या गळ्यात बांधलं, तेव्हा ती हे म्हणाली होती आणि तिनं भावाकडे पाहिलं होतं. भाऊ मूग गिळून गप्प बसला. त्याची लाज त्याला अजून वाटे. ते वाक्य तिला भर थिएटरात ऐकवायचं, एवढ्यासाठी त्यानं हे नाटक लिहिलं होतं.

नाटकांना परवानगी देणाऱ्या राजधानीतल्या सरकारी तपासनिसानं नेमकं तेच तांबड्या शाईनं खोडलं. शेरा मारला : मुली बापाशी असं बोलत नाहीत.

येर्मोलाय डगमगला नाही. दर आठवड्याला नवं नाटक करणारे रिबिन्स्कचे नट पाठांतराच्या वाटेला जात नसत. रंगमंचाच्या तोंडाशी जमिनीत उतरवलेल्या खोक्यातून प्रॉम्प्टर कुजबुजेल, ते म्हणायचं. मोठ्या उपवासाआधीच्या मास्लेनित्सा सणाच्या सुट्टीत दुपारचा खेळ लागला. येर्मोलायनं प्रॉम्प्टरला ब्लिनी, म्हणजे सणाची लोणी लावलेली धिरडी, खाऊ घातली, मनसोक्त व्होदका पाजली आणि स्वतः खोक्यात उतरला. दुसऱ्या रांगेत त्याचे म्हातारे वडील बसले होते, शेजारी ग्लाफिरा.

प्रसंग आला. तो कुजबुजला. मुलीचं काम करणारी नटी पोलिक्सेना गप्पच. तो पुन्हा कुजबुजला.

"अहो, ते खोडलंय!" ती दातांतल्या दातांत म्हणाली. "आज माझ्या सत्काराचा खेळ. जन्मात पहिल्यांदा पाठ केलंय, घोळ घालू नका!"

आणि ती मुकाट्यानं रंगमंचावरच्या बापाच्या पाया पडायला वाकली.

येर्मोलायला राहवलं नाही. "बाबा, मला विचारलंत का?" तो खोक्यातूनच ओरडला.

जमिनीखालून आलेला तो घोगरा पुरुषी आवाज ऐकून थिएटर खो खो हसलं. वडील तेवढे हसले नाहीत. त्यांनी आवाज ओळखला होता.

"ऊठ, घरी चल," ते ग्लाफिराला म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी थांबते."

खोडलेलं वाक्य बोललं गेलं म्हणून थिएटरात हजर असलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं खेळ तिथंच बंद पाडला. येर्मोलायचं दुसरं कुठलंही नाटक पुढे कधी लागलं नाही. लोक पांगल्यावर ग्लाफिरा खोक्यापाशी आली आणि वाकून तिनं त्याला वर यायला हात दिला.

"वीस वर्षं लावलीस रे," ती म्हणाली.